चंचीतले सात दगड : एका माळेचा प्रकरण अभ्यास

माळ माझ्याकडे आली ती स्टीलच्या डब्यातून, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. घेऊन आलेली मुलगी हडपसरला राहते, शाळेत शिकवते. तिचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. गावचं घर पाडायला काढलं तेव्हा देवघराच्या कोनाड्यात हा डबा सापडला. आजोबा जाऊन बारा वर्षं झाली होती. डब्यात माळ होती आणि पान-सुपारीची एक मळकी चंची.

माळेचा फोटो नात्यातल्या कुणीतरी पुढे पाठवला. तो पाहून एका गृहस्थांनी तिला फोन करून कळवलं, की पांढऱ्या रेघांचा तो लाल मणी हडप्पाचा आहे, पाच हजार वर्षांचा, आणि त्याला चांगले पैसे येतील. तिला पैशांची घाई नव्हती. तिला विचारायचं होतं ते एवढंच : हे खरं आहे का, हे मणी आमच्या गावात आले कुठून, आणि आता आम्ही याचं करायचं काय?

"आजोबांनी विकत नाही आणलं हं ताई, पांढरीवर वेचलंय सगळं," ती म्हणाली.

पांढर म्हणजे काय हे गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. पिकाची जमीन ती काळी, वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मातीच्या भिंती विरघळून, चुलीची राख, शेण, भुसा, हाडं, खापरं साचून जी भुरकट माती होते ती पांढरीची. उत्खननाची जागा शोधणारा माणूस नदीकाठाने चालताना आधी तिचं टेकाड शोधतो. याच घोड नदीवर, पुण्याच्या पूर्वेला ८०-९० किलोमीटरवर इनामगाव आहे. तिथल्या पांढरीत डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत खणलं आणि इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आणलं. शंभराहून अधिक घरं, पाण्याचा पाट, घराच्या जमिनीखाली दोन कुंभांच्या तोंडाला तोंड लावून पुरलेली लहान मुलं. मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी असताना त्या खापरांवर हात फिरवून शिकले. त्यामुळे डबा उघडताना मी शांत होते असं म्हणणं खोटं ठरेल.

मणी ५८. नायलॉनच्या मजबूत दोऱ्यात ओवलेले, मध्ये मोठे, टोकांकडे लहान होत गेलेले. मी माळ सोडली नाही. आधी पट्टी ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो काढले, टोकापासून टोकापर्यंत प्रत्येक मण्याला क्रमांक दिला, मग भिंग घेतलं.

साधे, नक्षी नसलेले लाल आणि राखी-लाल दगडाचे २३. पांढऱ्या रेघांचा लाल एक. काचेचे बारीक १४. भाजलेल्या मातीचे ९, सुपारीच्या आकाराचे, चांगले जड. शंखाचे ४. तांब्याचा एक, हिरवा पडलेला. उरलेले सहा अलीकडचे : तीन प्लास्टिकचे आणि तीन जत्रेत मिळतात तसे चकचकीत अकीकाचे, म्हणजे अ‍ॅगेटचे.

आजोबांना मणी एका जातीचे दिसले म्हणून त्यांनी एका दोऱ्यात घातले. आपणही पाहतो तो रंग आणि आकार. पण लाल अकीकाचा गोल मणी हडप्पाकाळात झाला, सातवाहनकाळात झाला, पेशवाईत झाला आणि खंभातला आजही होतो. चेहरा पाहून त्याचं वय सांगणारा माणूस एक तर फार मोठा असतो किंवा फसवत असतो. वय सांगण्याजोगं काही असलंच तर ते भोकात असतं.

भोक पाडणं हे मण्यातलं सगळ्यात अवघड काम. अकीक पोलादाच्या चाकूलाही दाद देत नाही. हडप्पाच्या कारागिरांनी त्यासाठी एक खास कठीण दगड शोधला होता. सिंधमधल्या चान्हुदडो इथे १९३५-३६ साली मण्यांच्या कारखान्याचं गाव खणणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांच्या नावावरून अभ्यासकांनी त्याला अर्नेस्टाइट म्हटलं. त्या दगडाची सामती, म्हणजे भोक पाडायचं टोकदार हत्यार, धनुकलीने फिरवून तासाभरात भोक जेमतेम अडीच मिलिमीटर पुढे सरकतं, असं प्रत्यक्ष करून पाहणाऱ्यांनी मोजलं आहे. हडप्पाकाळातल्या लांबलचक लाल मण्यांच्या एका कमरपट्ट्यामागे एका माणसाचे चारशेहून अधिक दिवस गेले असावेत, असा त्यावरून हिशेब निघतो. पुढे ऐतिहासिक काळात सामतीच्या टोकाला हिऱ्याच्या कणी बसवायची युक्ती आली आणि कामाचा वेग बदलला. खंभातचे कारागीर अजून लोखंडी सळईच्या टोकाला दोन कणी जडवतात. ही भोकं सरळ नळीसारखी असतात आणि आतल्या भिंतीवर बारीक, एकसारख्या चरांच्या रेघा उमटतात. साध्या दगडी सामतीने, वाळूच्या मदतीने पाडलेलं भोक तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं होत जातं. दोन्ही बाजूंनी पाडलं तर मध्ये डमरूसारखी कंबर पडते, आणि नेम थोडा चुकला तर दोन्ही भोकं मध्ये तिरकी भेटतात.

हे आतलं दिसायचं कसं? भोकात ठसा घ्यायचा. दातांचा ठसा घ्यायला जो सिलिकॉनचा मऊ लगदा वापरतात तोच. ही पद्धत मण्यांच्या अभ्यासात ज्यांनी रुजवली ते लिओनार्ड गोरेलिक आणि जॉन ग्विनेट दोघंही अमेरिकेतले, दातांच्या क्षेत्रातले. माझ्या ओळखीच्या एका दंतवैद्य बाईंनी दुपारी दवाखाना रिकामा असताना २४ लाल मण्यांचे ठसे काढून दिले. गुलाबी रंगाचे, सुईएवढे ते ठसे ओळीने मांडल्यावर जे दिसलं त्याने माझं पुढचं सगळं काम ठरलं. २३ पैकी १५ मणी निमुळत्या भोकाचे, डमरूच्या कमरेचे. ८ सरळ नळीचे, आत रेघा. आणि पांढऱ्या रेघांचा तो एकटा, ज्याच्यासाठी फोन आला होता, तोही तसाच सरळ नळीचा, आत रेघांचा.

म्हणजे तो हिऱ्याच्या कणीने पाडलेल्या भोकाचा, हडप्पाचा नव्हे. पांढऱ्या रेघा काढायची कला हडप्पाकाळी होती, यात शंका नाही. मेसोपोटेमियातल्या उर इथल्या राजघराण्याच्या थडग्यांमध्ये असे मणी मिळाले आहेत. पण ही कला नंतरही नांदत होती. ऐतिहासिक काळाच्या सुरुवातीला, बुद्धानंतरच्या काही शतकांत, असे मणी देशभर पुन्हा सापडतात. पुण्याला याचं विशेष वाटावं असं कारण आहे : मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९४९ साली डेक्कन कॉलेजातून भारतातल्या अशा रेखांकित मण्यांवर स्वतंत्र ग्रंथ काढला, आणि अजूनही कुणी असा मणी दाखवला की हात आधी त्याकडे जातो. रेघा काढायची रीत सिंधमध्ये विसाव्या शतकापर्यंत काही हातांत उरली होती. झुडपाच्या कोवळ्या डहाळ्यांचा चिकट रस, त्यात पापडखारासारखा क्षार, त्या लेपाने बोरूने दगडावर रेघ ओढायची आणि निखाऱ्यात भाजायचं. क्षार दगडात मुरतो आणि तिथला लाल रंग कायमचा पांढरा होतो. म्हणून या रेघा रंगासारख्या खरवडून निघत नाहीत. आमच्या मण्याच्या रेघाही निघाल्या नाहीत. मणी खरा आहे, जुना आहे, फोनवर सांगितलं गेलं तेवढा नाही. मुलीला हे सांगताना मला वाटलं ती हिरमुसेल. तिने विचारलं, "मग उरलेले पंधरा?"

पंधरांचं उत्तर माळेत नव्हतं. ते चंचीत होतं.

चंची मी दुसऱ्या भेटीपर्यंत नीट पाहिलीच नव्हती. तिच्यात सात दगड होते आणि ते माळेत नव्हते, कारण त्यांना भोक नव्हतं किंवा ते फुटके होते. ओवता येत नाही म्हणून आजोबांनी बाजूला ठेवले, पण टाकले नाहीत. या एका गोष्टीबद्दल मी त्या माणसाची ऋणी आहे. सातांतले चार म्हणजे सगळ्या अंगांनी बारीक छिलके उडवून मण्याचा ओबडधोबड आकार दिलेले तुकडे, अजून घासलेही नव्हते. दोन मणी घासून गोल झालेले, एका बाजूने भोक पाडत निम्म्याच्या पुढे गेलेलं, आणि तिथेच उभे चिरलेले. भोक निमुळतं, माळेतल्या पंधरांसारखंच. सातवा नुसता नदीतला गोटा, एका बाजूला राखी आणि दुसऱ्या बाजूला तांबूस.

तयार मणी कुठूनही येतो. भेट म्हणून, हुंड्यात, फेरीवाल्याकडून, पंढरपूरच्या वाटेने. अर्धवट राहिलेला, चिरलेला मणी कुणी विकत घेत नाही आणि कुणी बरोबर वाहूनही नेत नाही. तो जिथे फुटला तिथेच पडतो. या सात दगडांचा अर्थ असा, की त्या पांढरीवर कधीतरी कुणीतरी बसून मणी घडवत होतं.

आणि दगड लांबून आणायची गरज नव्हती. आपला दख्खनचा काळा पत्थर ज्या लाव्ह्यातून झाला त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. त्या पोकळ्यांत सिलिका साचून अकीक, चाल्सेडनी, जास्पर असे गारगोटीच्या जातीचे दगड झाले. पत्थर झिजतो, हे कठीण गोटे तेवढे नदीत उरतात. भीमा, घोड, मुळा, प्रवरा, कुठल्याही पात्रात उतरा, वाळूत चमकतात. इनामगावच्या लोकांनी याच चाल्सेडनीची पाती काढून विळ्यासारखी वापरली. यात लोहाचा अंश असेल तर भट्टीत हळूहळू तापवल्यावर पिवळट दगड तांबडा होतो. चंचीतल्या सातव्या गोट्याची एक बाजू तांबूस होती ती उन्हाने की विस्तवाने, हे मला त्याच्याकडे पाहून ठरवता आलं नाही, आणि मी ते तसंच नोंदलं.

सरळ भोकाचे आठ मात्र रंगाने वेगळे : एकसारखे, खोल लाल, आत डाग नाही. असा दगड म्हटला की गुजरातेतल्या रतनपूरच्या खाणी आणि खंभातची बाजारपेठ डोळ्यापुढे येते. पण डोळ्यापुढे येणं म्हणजे पुरावा नव्हे. अकीक कुठल्या खाणीतला हे ठरवायला लेझरने त्याचा सूक्ष्म कण उडवून मूलद्रव्यं मोजावी लागतात आणि खाणीतल्या नमुन्यांशी ताडावी लागतात. आम्ही ते केलेलं नाही. म्हणून या आठांपुढे मी 'बहुधा बाहेरचे' एवढंच लिहिलं.

ज्याबद्दल शंकाच नाही ते चार मणी पांढरे आहेत. शंख घोड नदीत होत नाही. तो समुद्रातून आला, घाट चढून आला. सह्याद्री ओलांडून जुन्नरला नेणारा नाणेघाट त्या काळी वाहता रस्ता होता. तिथे सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, आणि जुन्नरच्या लेण्यांत यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांनी दिलेल्या दानाचे लेख आहेत. इ. स. च्या पहिल्या शतकातला एक ग्रीक दर्यावर्दी लिहून ठेवतो, की पैठणहून गाड्यांत भरून मोठ्या प्रमाणावर गोमेदासारखा पट्टेदार दगड भडोचच्या बंदराकडे जातो, आणि मराठवाड्यातल्या तेरहून कापड. दख्खनचा दगड बाहेर जात होता आणि समुद्राचा शंख आत येत होता. शिरूरकडच्या एका छोट्या गावच्या माळेत या वाहतुकीची आत येणारी बाजू चार मण्यांनी हजर आहे. यापेक्षा मोठं वाक्य मला त्यावरून करायचं नाही.

काचेचे १४ मणी पाहायला मी तुळशीबागेच्या मागच्या गल्लीत गेले. तिथे मंगळसूत्र गाठवून देणारे एक काका आहेत, चाळीस वर्षं हेच करतात. काळ्या पोतीचे मणी रोज हजारांनी हातांतून जातात त्यांच्या. त्यांनी भिंगही घेतलं नाही. विटकरी रंगाचा एक मणी नखावर धरला आणि म्हणाले, "नळी ओढून कापलेला आहे. आमचा काळा मणीही तसाच होतो." बरोबर. तापल्या काचेच्या गोळ्यातून पोकळ नळी लांबच लांब ओढायची, तिचे तुकडे करायचे, तुकडे पुन्हा गरम करून कडा गोल करायच्या. आतले बुडबुडे भोकाच्या दिशेने लांबट होतात, त्यावरून ओळखू येतं. या ओढीव मण्यांनी इसवी सनाच्या आगेमागच्या आणि पुढच्या शतकांत पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूपासून आग्नेय आशिया आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत मजल मारली. आंध्रातल्या पापानायडूपेटा गावात ही रीत आपल्या काळापर्यंत टिकली. विटकरी रंग तांब्याचा, भट्टीत हवा कोंडून आणलेला. इनामगावसारखी ताम्रपाषाणयुगीन गावं उठून गेल्यानंतरचे हे मणी. म्हणजे त्या पांढरीवर निदान दोन काळांची वस्ती असली पाहिजे.

माळ परत डब्यात ठेवताना काकांनी हात धरला. "ताई, ही माणसाच्या गळ्यातली माळ नाही."

मी टिपणात लिहिलं होतं, की मातीच्या सुपारीमण्यांच्या कडा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने गुळगुळीत झाल्या आहेत, आणि त्यावरून त्या काळच्या बायकांच्या दागिन्यांबद्दल एक परिच्छेदही रचला होता. काकांनी दाखवलं : माणसाच्या गळ्यात माळ मानेमागे, गाठीजवळ जास्त झिजते. ही पुढे, मधल्या मोठ्या मण्यांपाशी झिजली आहे. तिथे काहीतरी जड लोंबत असणार, सतत हलत.

पुढच्या रविवारी आम्ही गावी गेलो. आजी अंगणात बसून शेंगा फोडत होत्या. माळ पाहून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"सर्ज्याची हाय की ही. पोळ्याला म्हातारं त्येच्या गळ्यात घालायचं. मधी घंटा बांधायचं. मग कवा कवा काढायचंच न्हाई, सुगी हुस्तवर."

पंचवीस-तीस वर्षं एका बैलाच्या, मग त्याच्या जागी आलेल्या बैलाच्या गळ्यात. माझा प्राचीन बायकांबद्दलचा परिच्छेद मी त्या अंगणातच खोडला. या झिजेत जी ओळख आहे ती आजोबांची, आणि ती मला कमी वाटत नाही. वारकऱ्याची तुळशीमाळ, तुळजाभवानीच्या आराध्याची कवड्यांची माळ, बाळाच्या मनगटाचे काळे-पांढरे दृष्टमणी, डोरलं : गळ्यात-हातात काय आहे त्यावरून माणूस कोण ते आपण आजही वाचतो. म्हणूनच जुन्या मण्यातून 'ओळख' वाचायची आपल्याला घाई होते. पण ती वाचायला मणी माणसाजवळ सापडायला हवा. नेवाशाला १९५४ ते ५६ च्या उत्खननात एका लहान मुलाच्या दफनात गळ्यातली तांब्याच्या मण्यांची माळ जागच्या जागी मिळाली. तांब्याच्या क्षाराने आतला धागासुद्धा कुजू दिला नव्हता. तो रेशमाचा निघाला, कापसाच्या तंतूंबरोबर कातलेला. पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीला तसाच धागा जवसाच्या तंतूंचा निघाला. तीन हजार वर्षांपूर्वी आपल्या लेकराला कुणी काय ओवून घातलं होतं, हे तिथे कळलं, कारण मणी मुलापासून वेगळे झाले नव्हते. आमचा एक तांब्याचा मणी असाच एखाद्या गळ्यातला असेलही. तो नायलॉनच्या दोऱ्यात एकटा आहे.

मग मी आजींना विचारलं, आजोबा पांढरीवर नेमके कुठे वेचायचे? मला वाटलं होतं त्या म्हणतील, कुठंही.

"लाल दगड वड्याच्या अंगाला, आमी गंजी रचायचो तितं. पाऊस पडून गेला की वर यायचे. काचंचं बारकं मणी तितं न्हाई घावायचं. ते वर, मारुतीच्या पाराकडं."

"आणि चंचीतले?"

"त्ये समदं वड्याकडचं. फुटकं म्हून पोरं फेकायची, म्हातारं उचलून आणायचं."

मी त्यांना हे दोनदा सांगायला लावलं, नातीने फोनवर ध्वनिमुद्रण केलं. माळेने जे पुसून टाकलं होतं त्यातलं थोडं या बाईंच्या आठवणीत शाबूत होतं. ओढ्याच्या कडेला दगडाचं काम, वर काच. इनामगावातही तिथे खणणाऱ्या धवलीकर आणि सहकाऱ्यांना कारागिरांची घरं वस्तीच्या पश्चिम कडेला मिळाली, गावच्या प्रमुखाचं मानलं गेलेलं घर मध्ये. दोन जागांची तुलना करायचा मोह झाला. पण खोदल्याशिवाय ती तुलना होत नाही, एवढं मला ठाऊक आहे.

पांढरीवर गेलो. निम्मी उरली होती. वरची माती ट्रॅक्टरने रानात नेलेली, खत म्हणून ती चांगली असते हे खरंच आहे. कापलेल्या बाजूला राखेचे आणि चुन्याचे थर वीतवीत दिसत होते. ओढ्याच्या अंगाला गंजीची जागा आजींनी काठीने दाखवली. तिथे जमिनीवर चाल्सेडनीचे छिलके पडलेले होते, पावसाने धुतलेले. मी काही उचललं नाही. फोटो काढले, मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश घेतले. नातीच्या धाकट्या भावाने एक छिलका खिशात घातला होता तो परत ठेवायला लावला, आणि का ते त्याला तिथेच सांगितलं.

कायद्याचं बोलणं जेवताना झालं. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंच्या विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत, हा १९७२चा कायदा. जमिनीतल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची, हा १८७८चा. घरच्यांना दोन्ही नवे होते. विकायचा विषय तसाही आजींनी आधीच मिटवला होता. नातीने मोजणीची यादी, फोटो, नकाशावरची खूण आणि आजींचं सांगणं जोडून पुरातत्त्व खात्याला आणि जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. पत्रातली मागणी पांढरीची पाहणी व्हावी एवढीच होती. ग्रामपंचायतीत तिच्या चुलत्यांनी माती उचलणं पावसाळ्यापर्यंत थांबवायला सांगितलं. ते थांबलं आहे.

माळ काकांनी नव्या सुती दोऱ्यात पुन्हा ओवली, माझ्या क्रमांकांप्रमाणे, आजोबांच्या क्रमाने, प्लास्टिकच्या तीन मण्यांसकट. प्रत्येक मण्यानंतर एक गाठ, म्हणजे मणी मण्यावर घासणार नाही. सात दगड वेगळ्या डबीत, प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी. चिठ्ठीवर 'स्थान' या शब्दापुढे नातीने आजींचे शब्द जसेच्या तसे घातले : वड्याच्या अंगाला, गंजी रचायचो तिथं.